अर्ध्या सेकंदाची शंका



आजची गोष्ट अर्ध्या सेकंदाची आहे. २०२४ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एका इंजिनिअरच्या लक्षात आलं, की आपला कॉम्प्युटर एका ठिकाणी अर्धा सेकंद उशीर करतोय. तुमच्या-आमच्यासारखीनं म्हटलं असतं, होतो उशीर, नेट हळू असेल. त्यानं ते सोडलं नाही. तो शंकेच्या मागे गेला, आणि जगभरच्या कॉम्प्युटरांमध्ये चोरदरवाजा बसवण्याचा, दोन-अडीच वर्षं शिजत असलेला डाव उघडा पडला.

हा विषय काढला तेव्हा आमच्यातल्याच एक-दोघी म्हणाल्या, "अगं, कॉम्प्युटरच्या कोडचं बचत गटाच्या बायकांना काय करायचंय?" मग सगळ्यांनी गोष्ट ऐकली आणि ठरलं, की ही सांगायचीच. कारण ही गोष्ट सामाईक वहीची आहे. वही सगळ्यांची, पण लिहिणारा एकटा. तो थकला की काय होतं, आणि वही तपासायची म्हणजे नेमकं काय तपासायचं, हे त्यात आहे.

कृती वेगळी, ताट वेगळं

आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ. कोड म्हणजे कॉम्प्युटरनं काय करायचं याची लिहून ठेवलेली कृती. पुरणपोळीची कृती कागदावर असते, पण कागद खाता येत नाही. डाळ शिजवावी लागते, पुरण वाटावं लागतं, पोळी तव्यावर टाकावी लागते. कोडचंही तसंच. माणसाला वाचता येईल असा कोड आधी लिहितात, मग त्यापासून कॉम्प्युटरला चालवता येईल असा प्रोग्राम तयार करतात. या तयार करण्याला त्या कामातली माणसं 'बिल्ड करणं' म्हणतात. तयार प्रोग्राम म्हणजे नुसते शून्य आणि एक. तो बघून आत काय घातलंय ते सहज कळत नाही. म्हणून ज्याला खात्री हवी, तो म्हणतो, मला कृती दाखवा.

कृती एकमेकांना दाखवायची रीत जुनी आहे, आणि तिच्या सुरुवातीलाच एक बाई आहे. ग्रेस हॉपर या अमेरिकेच्या नौदलातल्या गणिती. माणसाच्या सूचनांचं कॉम्प्युटरच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम त्यांनी १९५२ साली तयार केला. त्याची पुढची आवृत्ती १९५३ साली त्यांच्या कंपनीनं ग्राहकांना दिली, ती कोडसकट. सोबत निरोप होता, की तुम्ही काही सुधारणा केली तर आम्हालाही पाठवा. १९५५ साली मोठे कॉम्प्युटर वापरणाऱ्या काही जणांनी लॉस एंजेलिसमध्ये एक मंडळच काढलं, आपापला कोड एकमेकांना देण्यासाठी. त्याचं नावच 'शेअर'. शेअर म्हणजे वाटून घेणं.

पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिनक्स सुरू केलं. जगभरच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. इतक्या हातांचं लिखाण सांभाळायला त्यांनीच २००५ साली 'गिट' नावाची व्यवस्था बनवली. गिट म्हणजे कोडचं सामाईक भांडार. कोणी, कोणत्या तारखेला, कोणती ओळ बदलली, सगळं त्यात नोंदलेलं. आपल्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत जसं सूचक, अनुमोदक आणि सह्या असतात, तसं.

हे लांबचं वाटेल, पण नाही. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. फोनवरून आपण काही मागवतो, पाठवतो, ते ज्या मोठ्या कॉम्प्युटरांवर जातं, त्या सर्व्हरांपैकी बहुतेक लिनक्सवर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनं 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स केली, तीही डेबियन नावाच्या स्वयंसेवकांच्या लिनक्सवर बेतलेली. म्हणजे या सामाईक चुलीवरचं आपण सगळ्याच खातो.

निवडणं, चाळणं, मापणं

एवढ्या जणांनी लिहिलेल्या कोडमध्ये खडे असणारच. ते शोधायची हत्यारंही माणसांनी बनवली. हा इतिहास आम्हाला फार आवडला, कारण त्यातली कामं आपल्या ओळखीची आहेत.

१९७८ साली बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी एक प्रोग्राम केला. त्याचं काम दुसऱ्यांचा कोड वाचायचा आणि संशयास्पद ओळी दाखवायच्या. त्याला नाव दिलं 'लिंट'. लिंट म्हणजे कापडाला चिकटलेले सुताचे बारीक तुकडे, जे आपण झटकून काढतो. यात कोड चालवायचा नाही, नुसता वाचायचा. तांदूळ शिजवायच्या आधी ताटात पसरून निवडतो, तसं हे.

दुसरी तऱ्हा शिजवून बघायची. २००२ साली जूलियन सीवर्ड यांचं 'व्हॅलग्रिंड' आलं. प्रोग्राम चालू असताना ते त्याच्या शेजारी बसतं आणि त्यानं परवानगी नसलेल्या जागेत हात घातला की तक्रार करतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी तऱ्हा वादळातून निघाली. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर वादळी रात्री घरून फोनच्या तारेवरून विद्यापीठाचा कॉम्प्युटर वापरत होते. वादळानं तारेवर खरखर व्हायची, मधेच वेडीवाकडी अक्षरं घुसायची, आणि चांगले प्रोग्राम कोसळायचे. त्यांना वाटलं, नेहमीचे प्रोग्राम एवढ्यानं पडावेत? त्यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम वेडीवाकडी अक्षरं टाकून बघायला सांगितलं. तपासलेल्या प्रोग्रामांपैकी पाव ते एक तृतीयांश प्रोग्राम पडले किंवा अडकले. या तपासणीला 'फझिंग' म्हणतात. २०१६ पासून गूगल कंपनी सार्वजनिक कामाच्या कोडची अशी तपासणी सतत, फुकट करून देते.

आणि चौथी तऱ्हा मापण्याची, बेंचमार्किंगची. हा शब्द जमीन मोजणाऱ्यांचा. उंची मोजताना ज्या पक्क्या दगडावर खूण कोरतात, तो बेंचमार्क. नागपूरच्या झिरो माइलपाशी असा दगड आहे. कॉम्प्युटरमध्ये बेंचमार्किंग म्हणजे तेच काम, तीच यंत्रं ठेवून, आधी किती वेळ लागत होता आणि आता किती लागतो, हे मोजून ताडून बघणं.

आता तुम्ही विचाराल, चाळणीच खराब असेल तर? हा प्रश्न त्यांनाही पडला. मग तपासणाऱ्या हत्यारांचीच परीक्षा सुरू झाली. अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं २००८ पासून वेगवेगळ्या कंपन्यांची हत्यारं एकाच कोडवर चालवून बघायला सुरुवात केली. 'ज्युलिएट' नावाचा एक संच तयार झाला. २०१२ सालच्या सुमारास त्यात ८१,००० हून जास्त लहान प्रोग्राम होते, प्रत्येकात माहीत असलेली चूक मुद्दाम पेरलेली. आपण मापात किती खडे टाकले हे माहीत असलं, की चाळणीनं किती पकडले ते सांगता येतं. अशा परीक्षांतून एक गोष्ट कळत गेली. एका हत्याराला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, आणि सगळंच्या सगळं पकडणारं हत्यार कुठलंही नाही.

शिवाय ही हत्यारं चुका पकडायला केलेली. चूक आणि लबाडी यात फरक आहे. चूक लपायचा प्रयत्न करत नाही. केन थॉम्प्सन हे युनिक्स या जुन्या प्रणालीचे एक जनक. त्यांनी १९८४ साली छापून आलेल्या आपल्या भाषणात दाखवून दिलं होतं, की कागदावरची कृती अगदी स्वच्छ असली तरी शिजवणाऱ्याच्या हाताशी लबाडी लपवता येते. कोड वाचून खात्री झाली तरी त्यातून तयार झालेला प्रोग्राम स्वच्छ असेलच असं नाही. त्यांचं म्हणणं लोकांनी ऐकलं, मान डोलावली. त्याचा अर्थ चाळीस वर्षांनी, २०२४ साली सगळ्यांना कळला.

एकट्यानं सांभाळलेली वही

एक्सझेड नावाचा एक लहान प्रोग्राम आहे. मोठी फाइल दाबून लहान करायची, एवढंच त्याचं काम. गोधडी घट्ट वळकटी करून कपाटात बसवतो, तसं. लिनक्समध्ये हे काम पावलोपावली लागतं, म्हणून एक्सझेड जवळजवळ सगळीकडे पोचला. त्याच्या भोवती अब्जावधी डॉलरचे धंदे उभे राहिले. आणि तो सांभाळत होता फिनलंडमधला एक माणूस, लासे कॉलिन. २००९ पासून, रिकाम्या वेळात, बिनपगारी.

२०२१ च्या ऑक्टोबरात 'जिया टॅन' या नावानं कोणी तरी या कामात पहिली लहानशी दुरुस्ती पाठवली. मग आणखी पाठवल्या. कामं चांगली होती. २०२२ च्या एप्रिलपासून दुसऱ्याच काही नावांनी तक्रारी येऊ लागल्या. काम किती संथ चाललंय, आलेल्या दुरुस्त्या पडून आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या, असा सूर. जूनमध्ये कॉलिन यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, की बऱ्याच काळापासून मनाची तब्येत ठीक नसल्यानं आपली ताकद कमी पडते आहे, आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे हेही लक्षात असू द्या. त्याच उत्तरात त्यांनी जिया टॅनच्या मदतीचा उल्लेख केला होता.

मैत्रिणींनो, इथे आम्ही वाचताना थांबलो. एका दमलेल्या माणसानं आपलं दुखणं चारचौघांत सांगितलं. त्याच्या श्रमावर चालणाऱ्या एवढ्या मोठ्या जगातून मदतीला आला तो एकच हात, आणि नेमका तोच खोटा निघाला. तक्रार करणारी ती नावंही नंतर कुठे दिसली नाहीत. ती याच डावाचा भाग होती असं तपास करणाऱ्यांचं मत आहे. आधी माणसाला टोचून टोचून हैराण करायचं, आणि मग मदतीचा हात म्हणून आपलाच माणूस पुढे करायचा.

२०२३ च्या सुरुवातीला जिया टॅनला वहीत थेट लिहायचा अधिकार मिळाला. मार्चमध्ये त्यानं स्वतः नवी आवृत्ती काढली. त्याच महिन्यात गूगलच्या त्या फझिंग तपासणीकडून येणारे निरोप त्याच्या पत्त्यावर येतील अशी सोय झाली. जुलैत त्यानं तपासणीवाल्यांना विनंती केली, की अमुक एक भाग तपासताना बंद ठेवा, त्यानं अडचण होते. कारण तांत्रिक आणि पटण्यासारखं होतं. विनंती मान्य झाली. पुढे चोरदरवाजा ज्या सोयीच्या आधारानं बसवला, तिच्याशीच तो भाग जोडलेला होता. म्हणजे खडा टाकायच्या आधी चाळणीला भोक पाडून घेतलं.

गाठोड्यातली एक फाइल

२०२४ च्या फेब्रुवारीत डाव पुरा केला. तो कसा, ते सावकाश ऐका, कारण मुख्य गोष्ट इथे आहे.

एक्सझेडच्या भांडारात कोडसोबत काही नमुना फाइली असतात. काही चांगल्या, काही मुद्दाम बिघडवलेल्या. बिघडलेली फाइल आली तर प्रोग्राम गडबडत नाही ना, हे बघायला त्या लागतात. बिघडलेल्या फाइलीत काय आहे हे कोण वाचणार? ती बिघडलेलीच असायची. २३ फेब्रुवारीला जिया टॅननं भांडारात नव्या नमुना फाइली टाकल्या. विषाचा माल त्यात होता. पण तो नुसता पडून राहिला असता तर काही झालं नसतं. त्याला बाहेर काढून प्रोग्रामात मिसळणारा हात हवा होता.

तो हात भांडारात ठेवलाच नाही. लिनक्सच्या जगात अशी रीत आहे, की नवी आवृत्ती काढताना सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधून देतात. त्याला ते टारबॉल म्हणतात. डेबियन, फेडोरा अशा लिनक्स बनवणाऱ्या मंडळींनी एक्सझेडचं हे गाठोडं घेतलं आणि त्यातून प्रोग्राम तयार केला. गाठोड्यात भांडारापेक्षा चार फाइली जास्त असतात, ते नेहमीचंच, म्हणून कोणी ताडून बघत नव्हतं. २४ फेब्रुवारीला ५.६.० ही आवृत्ती निघाली. तिच्या गाठोड्यात बिल्डच्या वेळी चालणारी एक फाइल बदललेली होती. तिच्यातल्या मोजक्या ओळी त्या बिघडलेल्या नमुन्यांतून माल काढत आणि तयार होणाऱ्या प्रोग्रामात मिसळत. तेही सगळीकडे नाही. डेबियन किंवा फेडोराच्या पद्धतीनं प्रोग्राम बांधला जातोय असं दिसलं, तरच.

म्हणजे बघा. सामाईक वही उघडून कोणी ओळन् ओळ वाचली असती, तरी ही फाइल दिसली नसती. वहीतून सरळ प्रोग्राम तयार करणाऱ्याकडे दरवाजा उघडलाच नसता. लबाडी होती वही आणि गाठोडं यांच्यामधल्या फरकात.

दरवाजा कुठे उघडणार होता? लांबचा कॉम्प्युटर चालवायला एसएसएच नावाची वाट वापरतात. सर्व्हर सांभाळणारे याच वाटेनं आत जातात. काही लिनक्समध्ये ही वाट अप्रत्यक्षपणे एक्सझेडच्या कोडला जोडलेली होती. दरवाजा बसला असता, तर ज्याच्याकडे गुप्त किल्ली आहे त्याला पासवर्डशिवाय आत शिरून हवा तो हुकूम देता आला असता. दवाखाना असो, बँक असो, की सरकारी कचेरी.

चाळण्यांनी काहीच पकडलं नाही असं नाही. व्हॅलग्रिंडनं तक्रार केली. नवीन एक्सझेड आल्यापासून काही ठिकाणी चुका दिसू लागल्या. फेडोराच्या लोकांनी त्या कळवल्याही. पण कळवणार कोणाला? सांभाळणाऱ्याला, म्हणजे जिया टॅनलाच. त्यानं दोष दुसऱ्याच साधनाच्या माथी मारला आणि ९ मार्चला ५.६.१ काढून त्या तक्रारी गप्प केल्या. मार्चच्या शेवटी आणखी एका नावानं डेबियनकडे विनंती आली, नवीन आवृत्ती लवकर घ्या, तिच्यात चुका दुरुस्त केल्यात.

०.२९९ आणि ०.८०७

आता तो सॅन फ्रान्सिस्कोचा इंजिनिअर. त्याचं नाव अँड्रेस फ्रॉइंड. तो पोस्टग्रेस नावाच्या माहिती साठवणाऱ्या प्रोग्रामवर काम करतो. एक्सझेडशी त्याचा काही संबंध नाही, आणि सुरक्षेचं काम हा त्याचा धंदाही नाही. तो आपल्या प्रोग्रामचं बेंचमार्किंग करत होता. बारीक फरक मोजायचा तर आजूबाजूचा गोंगाट कमी हवा. सोनाराचा तराजू चालू पंख्याखाली ठेवत नाहीत, तसं. म्हणून कॉम्प्युटरवर आणखी काय काय चाललंय हे तो बघत होता.

त्याला दिसलं, की एसएसएचचं काम नको इतकी ताकद खातंय. खोटी नावं टाकून आत शिरायला बघणारे उपटसुंभ नेटवर सतत येतच असतात. त्यांना दारातूनच परत पाठवायचं, त्याला कष्ट ते किती? पण इथे कष्ट पडत होते. त्यानं वेळ मोजली. आधी एका वेळेला ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. अर्ध्या सेकंदाचा फरक.

शोधत शोधत तो एक्सझेडपाशी आला. तेव्हा त्याला आठवलं, की काही आठवड्यांपूर्वी आपल्या तपासणीत व्हॅलग्रिंडनं एक विचित्र तक्रार केली होती आणि आपण ती बाजूला ठेवली होती. आता दोन गोष्टी जुळल्या. सुरुवातीला त्याला वाटलं, डेबियनच्या तयार मालात कोणी तरी काही मिसळलंय. पुढे कळलं, विष मुळापासूनच, एक्सझेडच्या गाठोड्यातूनच आलंय. त्यानं गाठोडं आणि भांडार ताडून बघितलं, आणि जास्तीची ओळ सापडली.

२८ मार्चला त्यानं डेबियनच्या सुरक्षा पथकाला गुपचूप कळवलं आणि २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, सगळं जाहीर केलं. या धोक्याला १० पैकी १० गुण मिळाले. सुदैवानं विषारी आवृत्त्या तोवर फक्त चाचणीच्या आणि अगदी ताज्या लिनक्समध्ये पोचल्या होत्या. रोजच्या वापराच्या पक्क्या आवृत्त्यांमध्ये त्या शिरायच्या होत्या. फेडोरा, डेबियन, ओपनसुसे, सगळ्यांनी जुनी आवृत्ती परत आणली. उबुंटूवाल्यांनी आपली चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि त्या काळात तयार केलेला सगळा माल टाकून देऊन पुन्हा नव्यानं बांधला. घाटावरच्या बाईनं सोवळं मोडलं म्हणून सगळा स्वयंपाक परत करावा, तसं, फक्त इथे कारण खरं होतं.

लासे कॉलिन यांनी वही पुन्हा हाती घेतली. जुन्या नोंदी एकेक तपासल्या. त्यात त्यांना एका तपासणीच्या फाइलीत एक जास्तीचं टिंब सापडलं. एकच टिंब. त्यामुळे सुरक्षेची एक सोय बिल्डच्या वेळी नेहमीच 'उपलब्ध नाही' ठरत होती. ते काढलं, आणि २९ मे २०२४ ला स्वच्छ आवृत्ती निघाली. जिया टॅन नावामागे कोण होतं, एक माणूस की अनेक, हे आजवर जाहीर झालेलं नाही.

आपल्या वहीसाठी

या प्रकारानंतर बरंच बोललं गेलं. डेबियनच्या लोकांनी २०१३ पासूनच एक काम हाती घेतलं होतं. एकाच कोडपासून दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या ठिकाणी प्रोग्राम तयार केला, तर शून्य-एकाचाही फरक पडू नये. आपल्या दोघींच्या भाकरी कधी सारख्या होणार नाहीत, पण कॉम्प्युटरला ते जमवता येतं. दोन माल सारखे आले नाहीत तर कुठे तरी हात मारलाय हे कळतं. पण गाठोडंच बाटलेलं असेल तर दोघांचा माल सारखाच बाटलेला निघेल. म्हणून गाठोडंही भांडाराशी ताडून बघावं, किंवा थेट भांडारातूनच बांधावं, हा आग्रह आता वाढलाय.

आपल्या दशसूत्रीत नियमित नोंदींचं सूत्र आहे, ते आपण सगळ्या घोकतो. वही नीट लिहिलेली आहे, सह्या आहेत, बेरजा बरोबर आहेत, म्हणून आपण निश्चिंत होतो. एक्सझेडची वहीही नीटच होती. तपासायचं असतं ते वहीतलं आणि वहीबाहेरचं जुळतंय का. वहीतली शिल्लक आणि बँकेच्या पासबुकातली शिल्लक. वहीत लिहिलेलं कर्ज आणि त्या बाईच्या हातात खरंच पडलेली रक्कम. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच सतरंजीवर, शेजारी शेजारी ठेवून बघायचे. आणि बघणारी बाई लिहिणारीपेक्षा वेगळी असावी. व्हॅलग्रिंडची तक्रार ज्याच्याबद्दल होती त्याच्याचकडे गेली, तेव्हा काय झालं ते आपण ऐकलं.

कोणी तपासणीत सूट मागितली, "या महिन्यात एवढं पान राहू द्या," तर कारण कितीही पटणारं असो, ते दोघी-तिघींनी मिळून बघावं. चार बाजूंनी एकदम घाई सुरू झाली, तर त्या चारी बाजू खरंच वेगळ्या आहेत का तेही बघावं.

पण यातून कोणी असा अर्थ घेऊ नका, की नव्या बाईवर विश्वासच ठेवायचा नाही. डाव पकडणारा फ्रॉइंडही एक्सझेडच्या कामात परकाच होता. बाहेरच्या माणसाला वही उघडी होती, गाठोडं उघडं होतं, म्हणून तो ताडून बघू शकला. बंद कपाटातलं असतं तर अर्ध्या सेकंदाची शंका तिथेच विरली असती. दार उघडं ठेवायचं, आणि दाराशी बसणाऱ्या जास्त जणी हव्यात.

शेवटचं आमच्या मनाला लागलेलं सांगतो. प्रत्येक गटात एखादी लासे कॉलिन असते. दहावी शिकलेली, हिशोबाला चोख, म्हणून वर्षानुवर्षं सगळी वही तिच्याच गळ्यात. बँकेत तीच जाते, ऑनलाइन माहिती तीच भरते, उशीर झाला की बोलणी तीच खाते. ती दमली आहे का, हे आपण कधी विचारतो? येत्या बैठकीत विचारा. तिच्या शेजारी आणखी एकीला वही शिकायला बसवा. पुढच्या वर्षी तिसरीला. आणि पासबुक घेऊन या, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

पैशाचा फरक किती, यावर जाऊ नका. फरक दहा रुपयांचा असला तरी तो कुठून आला हे कळेपर्यंत वही मिटवू नका.

पुन्हा भेटू. नमस्कार.